पहिल्या बाळंतपणाचे कागद आधी मिळवा

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश पुढे दिला आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पत्रलेखिका ३१ वर्षांच्या असून तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. त्यांची मुलगी आता २ वर्षे ८ महिन्यांची आहे. पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, तिथल्या एका खासगी रुग्णालयात झाले. रात्री नऊ वाजता त्या दाखल झाल्या, तेव्हा ‘पिशवीचे तोंड दोन सेंटिमीटर उघडले आहे’ असे सांगण्यात आले. पहाटे कळा वाढवण्यासाठी सलाइन लावले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मुलगी जन्मली. शेवटचे दोन तास त्या जोर लावत होत्या. त्या वेळी एका व्यक्तीने पोटावर दाब दिला, दुसरी ‘नीट जोर लाव, नाहीतर बाळाचे काही खरे नाही’ असे ओरडत होती. अखेर व्हॅक्यूम लावून बाळ काढले. टाके घालण्यासाठी त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागले, रक्तस्राव बराच झाला आणि रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. बाळाने आतच शी केल्यामुळे त्याला तीन दिवस काचेत ठेवले होते. वजन ३.१ किलो होते. मुलगी आज ठणठणीत आहे.

त्यांना दुसरे मूल हवे आहे, मात्र दिवस राहण्याच्या कल्पनेने झोप उडते. सासूबाई म्हणतात, ‘दुसऱ्या खेपेला बाई सहज सुटते.’ आई म्हणते, ‘तुझा बांधाच बारीक, याही वेळी माझ्याकडेच ये.’ पती म्हणतात, ‘सरळ सिझेरियनची तारीख घेऊ, प्रश्नच मिटेल.’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मी सिझेरियन मागितले तर मी हरले असे होईल का? आणि नाही मागितले तर पुन्हा तेच होईल का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘मला जोर लावता आला नाही’ हे वाक्य तीन ठिकाणी आले आहे आणि बाळाचे डोके त्या वेळी कोणत्या स्थितीत होते, याबद्दल एकही शब्द नाही. यात तुमचा दोष नाही. ते तुम्हाला कोणी सांगितलेच नसावे. बाळंतपण अवघड गेले की घरी परतलेल्या बाईजवळ आठवणी भरपूर असतात आणि माहिती फार थोडी असते. मग त्या आठवणींना जे कारण पहिल्यांदा चिकटते तेच कायमचे होऊन बसते. बहुतेक वेळा ते कारण म्हणजे ती स्वतः असते. मी तीस वर्षे प्रसूतिगृहात काम केले आहे आणि दुसऱ्या खेपेला आलेल्या बायकांकडून ‘मागच्या वेळी काय झाले होते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘माझीच ताकद कमी पडली’ असे कितीदा ऐकले, याची मोजदाद नाही. त्यांचे जुने कागद उघडल्यावर त्यात बहुधा दुसरेच काही लिहिलेले असे.

‘सिझेरियन की नॉर्मल’ याचे एका शब्दातले उत्तर या पत्रोत्तराच्या शेवटी असेल अशा समजुतीने थेट तळाशी जाऊ नका, ते तिथे नाही. ते ठरवण्यासाठी लागणारी अर्धी सामग्री तुमच्या माहेरच्या गावातील त्या रुग्णालयाच्या कपाटात आहे आणि ती मिळवण्याला मुदत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. तुमची मुलगी २ वर्षे ८ महिन्यांची आहे आणि सातव्या-आठव्या महिन्यात तुम्ही माहेरी गेला असाल, म्हणजे हाती दोन-तीन महिनेच उरतात. साध्या कागदावर नाव, दाखल झाल्याची तारीख आणि ‘संपूर्ण केसपेपरची प्रत हवी’ एवढे लिहून अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. घरी असलेले डिस्चार्ज कार्ड पुरेसे नाही, कारण त्यावर ‘व्हॅक्यूम प्रसूती, मुलगी, ३.१ किलो’ यापलीकडे सहसा काही नसते. हा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे, हे आईलाही समजावून सांगा. गावात तोंड दाखवायचे असते, या विचाराने अनेक माहेरे इथे कचरतात.

कागद हाती आल्यावर पहिल्यांदा वेळा पाहा. तुमच्या घरात ‘एकवीस तास अडली होती’ ही कथा रूढ झालेली दिसते. रात्री नऊ ते संध्याकाळी सहा हे तास बरोबरच आहेत, पण ते सगळे एका मापाने मोजायचे नसतात. न्यूयॉर्कमधील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ५०० पहिलटकरणींच्या प्रसूतींचे आलेख मांडले. त्या आणि त्यानंतरच्या कामावरून पिशवीचे तोंड तासाला किमान एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा दंडक जगभरच्या लेबर रूममध्ये रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो सर्वांना सरसकट लावू नये, असे स्पष्ट सांगितले. त्या सूचनांनुसार तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा पूर्वतयारीचा असतो आणि तो किती लांबावा याचे ठरावीक माप नाही. पाच सेंटिमीटरपासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे बारा तासांपर्यंत आणि दुसऱ्या खेपेच्या बाईला दहा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतरचा जोर लावण्याचा टप्पा पहिल्या खेपेला बहुधा तीन तासांच्या आत आणि पुढच्या खेपेला दोन तासांच्या आत पुरा होतो.

आता तुमची रात्र या मापाने पुन्हा बघा. दोन सेंटिमीटरवर तुम्ही दाखल झालात, म्हणजे तुमचे घड्याळ फार लवकर सुरू झाले. सलाइन लावले तेव्हा तोंड किती उघडले होते, हे केसपेपरमध्ये किंवा सोबतच्या पार्टोग्राफ नावाच्या आलेखात सापडेल. ते तीन-चारच असेल, तर कळा ‘मंद’ नव्हत्या, त्यांची वेळच आली नव्हती, असेही निघू शकते. उलट पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता किंवा रक्तदाब वाढला होता, अशी नोंद असेल तर सलाइन लावण्यामागे रास्त कारण होते. तुम्ही दोन तास जोर लावलात, आणि पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंतचा काळ चालतो हे वर लिहिलेच आहे. तेव्हा ‘मला जोर लावता आला नाही’ या वाक्याला निदान घड्याळाचा तरी आधार नाही.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूम लावण्याचे कारण. बाळाने आत शी केली होती, म्हणजे त्याच्या हृदयाचे ठोके उतरले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर व्हॅक्यूम हा तुमच्या अपयशाचा दाखला ठरत नाही. बाळाला लवकर बाहेर काढण्यासाठी घेतलेला तो योग्य निर्णय होता. दुसरी शक्यता बाळाच्या डोक्याच्या स्थितीची. जन्माच्या वेळी बाळाचा चेहरा बहुधा आईच्या पाठीकडे असतो. तो पोटाकडे राहिला की डोक्याचा मोठा घेर पुढे येतो, कळा कमरेत जाणवतात आणि काम लांबते. तुम्ही लिहिले आहे की, ‘सगळ्या कळा कमरेतच होत्या, पोटात नव्हत्याच’. हे वाचून माझ्या मनात हीच शंका आली, पण ती शंकाच आहे. खरे काय ते कागद सांगेल. यातले काहीही बाईच्या जिद्दीवर अवलंबून नसते आणि यातले काहीही पुढच्या वेळी तसेच होईल असा नियम नाही.

बांध्याविषयी आईंना एवढेच सांगा की, ३.१ किलोचे बाळ त्याच वाटेने बाहेर आले आहे. व्हॅक्यूमने मदत केली हे खरे, पण वाट अरुंद असती तर व्हॅक्यूमनेही ते साधले नसते. कमरेचा बाहेरून दिसणारा घेर आणि आतील हाडांची वाट यांचा संबंध आपल्याकडे उगाचच जोडला जातो.

पोटावर दाब देण्याबद्दल आणि ओरडण्याबद्दल मला अधिक जपून लिहिले पाहिजे, कारण त्या खोलीत मी नव्हते. तरी दोन गोष्टी निःसंशय सांगता येतात. जोर लावताना वरून पोटावर दाब देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ पासूनची शिफारस आहे. बाळाची वाट मोठी करण्यासाठी सरसकट प्रत्येकीला खालच्या जागी छेद देऊ नये, हीही त्याच सूचनांतील शिफारस आहे. आणि बाळंत होणाऱ्या बाईवर ओरडणे ही कोणत्याही काळी उपचारपद्धती नव्हती. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सरकारी लेबर रूमसाठी सुरू केला. त्यात सन्मानाने वागवणे हा गुणवत्तेचाच एक निकष धरला आहे. ‘त्या वेळी सगळेच ओरडतात’ असे तुमच्या नणंदबाई म्हणाल्या, ते वस्तुस्थितीचे वर्णन असेल. मात्र त्यामुळे तुमचे दुखावणे खोटे ठरत नाही.

आता टाक्यांकडे येते, कारण तुमच्या निर्णयावर सर्वांत जास्त परिणाम करू शकेल असा हाच तपशील आहे आणि तुम्ही तो अर्ध्या ओळीत उरकला आहे. टाक्यांसाठी थिएटरमध्ये न्यावे लागले, म्हणजे जखम खोल असण्याची शक्यता आहे. जखमेच्या चार पायऱ्या मानतात. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत ती शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचलेली असते. केसपेपरमध्ये कितवी पायरी लिहिली आहे ते पाहा. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, जो बायका डॉक्टरांनाच काय, सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत: पोटातील वायू रोखता येतो का, शौचाची जाणीव झाल्यावर धावत सुटावे लागते का, कधी कपडे खराब होतात का? असे होत असेल तर ‘बाळंतपणानंतर चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नका. त्या स्नायूची तपासणी करता येते, व्यायामाने आणि उपचाराने फरक पडतो. त्रास टिकून असेल तर दुसऱ्या वेळी ठरवून सिझेरियन करण्याला ते सबळ वैद्यकीय कारण आहे. जखम तिसऱ्या पायरीची होती पण आता काहीच त्रास नाही, असे असेल तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार करायला हरकत नसते. तशी जखम पुन्हा होण्याचे प्रमाण शंभरांत साधारण पाच ते सात आहे. जोर लावण्याच्या टप्प्यात त्या जागी गरम ओल्या कापडाचा शेक धरणे आणि डोके सावकाश बाहेर येऊ देणे, एवढ्याने खोल जखमेची शक्यता कमी होते. याला यंत्र लागत नाही, बाईजवळ उभे राहणारे शांत माणूस लागते.

रक्तस्राव एकदा झाला की पुढच्या वेळी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मी लपवणार नाही. परंतु सर्वांत चांगली तयारीही याचीच करता येते. दिवस राहण्याआधीच हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. कमी रक्तावर बाळंत होणाऱ्या बाईला तेवढाच रक्तस्राव अधिक महागात पडतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर त्यावर लगेच उपचार हवेत. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते. बाळ बाहेर आल्याबरोबर पिशवी आकसण्याचे इंजेक्शन देणे ही नेहमीची पद्धत आहे, तरीही ‘मागच्या वेळी दोन पिशव्या रक्त लागले होते’ हे वाक्य तुमच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असू द्या. वार हाताने काढावी लागली होती का, हेही जुन्या कागदात शोधा. आणि ज्या रुग्णालयाजवळ रक्तपेढी नाही ते रुग्णालय, तिथले डॉक्टर कितीही ओळखीचे असोत, तुमच्यासाठी नाही.

पतींचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनीही ती रात्र दाराबाहेर बसून काढली आहे आणि तारीख ठरली की भीती संपेल, असे त्यांना मनापासून वाटते. सिझेरियनने काही भीती खरोखर संपतात: किती तास लागतील याची अनिश्चितता जाते, व्हॅक्यूम टळतो, खालच्या जखमेचा प्रश्न उरत नाही. काही भीती मात्र तिथेच राहतात. रक्त जाण्याच्या भीतीवर तर शस्त्रक्रिया हा उपायच नाही, कारण तिच्यात सरासरीने रक्त जास्तच जाते. पोटावर टाके असताना साडेतीन-चार वर्षांची मुलगी ‘उचलून घे’ म्हणून हट्ट धरेल, तेव्हा सहा आठवडे तिला नाही म्हणावे लागेल. शस्त्रक्रियांची संख्या वाढते तसा पुढील गरोदरपणात वार खाली सरकण्याचा किंवा जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. तुम्हाला दोनच मुले हवी असतील, तर हा मुद्दा तुमच्यासाठी तुलनेने हलका आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तारीख घेतलीच, तर वैद्यकीय घाई नसताना ३९ आठवडे पुरे होण्याआधीची घेऊ नका, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक होतो. मुहूर्त पाहून ३७ व्या आठवड्यात बाळ काढून घेणारी सुशिक्षित कुटुंबे मी पाहिली आहेत. पत्रिका उत्तम आणि बाळ काचेत, असा तो योग असतो. शिवाय ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर काय करायचे, हेही आधी ठरलेले हवे.

‘मी हरले असे होईल का?’ हा प्रश्न मला पटत नाही. हार-जीत कोणाशी? ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना असे सांगतात की, प्रसूतीच्या तीव्र भीतीमुळे सिझेरियन मागणाऱ्या स्त्रीला आधी मोकळेपणाने बोलण्याची आणि मानसिक आधाराची संधी द्यावी, आणि त्यानंतरही तिला तेच हवे असेल तर ते देऊ करावे. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. भीतीने घेतलेला निर्णय चुकीचाच असतो असे नाही, पण भीतीखाली कोणते पर्याय दडपले गेले आहेत ते बघून घेतलेला निर्णय नंतर बोचत नाही.

त्या भीतीविषयीही थोडे स्वतंत्रपणे लिहिते. त्या रुग्णालयावरून जाणारा रस्ता तुम्ही टाळता, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेला नाहीत, सलाइनची बाटली पाहून छातीत धडधडते आणि रात्री दचकून जाग येते, असे तुम्ही लिहिले आहे. अडीच वर्षांनंतरही हे टिकून असेल, तर तो नुसता भित्रेपणा नसतो. प्रसूतीच्या धक्क्यानंतर अशी लक्षणे दीर्घकाळ राहण्याचे प्रमाण शंभर आयांमागे तीन-चार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे दिवस राहण्यापूर्वी जाणे अधिक चांगले, कारण गरोदरपणात तपासण्या, उलट्या आणि मुलीची शाळा यांत ते मागे पडते. तुमच्या गावी सोय नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. सासूबाईंना यात ‘डोक्याचा दवाखाना’ दिसू शकेल. त्यांची परवानगी घ्यावी असा हा विषय नाही.

सासूबाईंचे ‘दुसऱ्या खेपेला सहज सुटते’ हे वाक्य मात्र अगदीच टाकाऊ नाही. एकदा बाळ खालून जन्मले असेल तर पुढची प्रसूती बहुधा कमी वेळात होते आणि व्हॅक्यूमनंतरच्या खेपेला बहुसंख्य बायका कोणत्याही उपकरणाशिवाय बाळंत होतात. फक्त ‘बहुधा’ हा शब्द त्यांच्या वाक्यात नाही. वेळ कमी लागतो याचा व्यवहारातील अर्थ असा की, मागच्या अनुभवावरून ‘अजून खूप अवकाश आहे’ असे धरून घरी थांबून राहू नये.

राहिला माहेर की सासर हा प्रश्न. पहिले माहेरी आणि दुसरे सासरी ही आपल्याकडची वहिवाट मायेची आहे, पण ती ठरली तेव्हा रक्तपेढी नव्हती. जागा निवडताना नाते नंतर पाहा, आधी हे विचारा: रात्री तीन वाजता सिझेरियन करावे लागले तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात, बालरोगतज्ज्ञ कोण येतात, रक्त कुठून येते, लेबर रूममध्ये माझ्याजवळ माझे माणूस थांबू शकेल का. शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे पद्धत नाही’ असे उत्तर देणाऱ्यांना सांगता येईल की, सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री थांबू देण्याची सूचना केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्येच केली आहे. ही सोबत केवळ धीर देण्यापुरती नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांवरील २६ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक होते, कळांचा काळ थोडा आखूड झाला होता आणि कटू आठवणी कमी होत्या. तुमच्या बाबतीत ही सोबत आईंची असावी असे मला वाटत नाही. मागच्या वेळी त्या दाराबाहेर रडत होत्या, असे तुम्हीच लिहिले आहे. तुमची थोरली जाऊ, जिच्याविषयी तुम्ही दोन ओळी प्रेमाने लिहिल्या आहेत, तिला विचारून पाहा.

जिल्हा रुग्णालयाचा पर्याय घरात कोणी उच्चारलेला दिसत नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे तिथे प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण मोफत आहे, आणि बऱ्याच जिल्ह्यांत रक्तपेढी त्याच आवारात असते. गर्दी आणि खाटांची टंचाई खरी आहे. महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची जी विशेष तपासणी असते, तिला एकदा जाऊन पाहा, म्हणजे ऐकीव मतावर निर्णय होणार नाही. खासगी रुग्णालय निवडलेत, तर तिथे सिझेरियनचा निर्णय कोणत्या कारणांवर होतो, हे मोकळेपणाने विचारा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतील सिझेरियनचे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के होते. या तफावतीची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक डॉक्टरांकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल, पण विचारल्यावर न चिडता उत्तर देणारे डॉक्टर निवडणे तुमच्या हातात आहे. माहेरी जायचेच ठरले तर शेवटच्या पंधरवड्यात जाऊ नका. ३४ व्या आठवड्यापर्यंत तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला एकदा तरी तपासलेले असावे.

या सगळ्याचे एका पानाचे टिपण करा. वेळापत्रक लिहू नका, बाळंतपण ते पाळत नाही. मागच्या वेळी काय झाले ते चार ओळींत; मला कोणत्या गोष्टी आधी सांगूनच कराव्यात; पोटावर दाब नको; कळा येताना उठून फिरू द्यावे; वेदना कमी करण्यासाठी कमरेतून औषध देण्याची सोय हवी. त्या औषधाने सिझेरियनची शक्यता वाढत नाही, जोर लावण्याचा टप्पा मात्र थोडा लांबू शकतो, आणि ते देणारा भूलतज्ज्ञ प्रत्येक गावात असतोच असे नाही, म्हणून आधी विचारून ठेवावे. या पानावर आणखी एक ओळ असावी: ‘अमुक परिस्थिती आली तर मला सिझेरियन हवे, ताटकळत ठेवू नये.’ ती अमुक परिस्थिती कोणती, हे सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांसोबत ठरवा. म्हणजे ‘नॉर्मल’ निवडणे हे शपथ घेण्यासारखे राहणार नाही.

ज्यांचे पहिले बाळंतपण तासन्‌तास कळा देऊन अखेर सिझेरियनवर गेले, अशा तिघींची पत्रे याच महिन्यात आली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. पिशवीवरील छेद खालच्या भागात आडवा असेल आणि दुसरे कारण आड येत नसेल, तर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण ७२ ते ७५ यशस्वी होतात. जुना व्रण उसवण्याचा धोका आपोआप सुरू झालेल्या कळांमध्ये दोनशेत एक इतका असतो. औषधाने कळा सुरू केल्यास तो दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून हा प्रयत्न जिथे कोणत्याही क्षणी शस्त्रक्रिया होऊ शकते तिथेच करावा. तुमचाही जुना केसपेपर आधी मिळवावा लागेल, कारण छेद कसा आहे ते बाहेरच्या व्रणावरून कळत नाही.

पुन्हा तुमच्याकडे. दोन बाळंतपणांमधील अंतराची चिंता करू नका. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान २४ महिने थांबावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो काळ उलटून गेला आहे आणि ३१ हे वय घाई करण्याचेही नाही. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करायची असते, ती करा. प्रसूतीचा मार्ग आज ठरवण्याची गरज नाही. ३६ व्या आठवड्यात बाळाचे डोके, वार आणि वजन पाहून ठरवलेले अधिक उपयोगाचे असते. आज गरज आहे ती अर्जाची आणि एका अशा डॉक्टरांची, जे जुने कागद समोर ठेवून तुमच्याशी अर्धा तास बोलतील. पतींना त्या भेटीला बरोबर न्या, म्हणजे ‘प्रश्नच मिटेल’ हे वाक्य त्यांनाही तपासून पाहता येईल.

डॉक्टरांसमोर बसल्यावर घसा दाटून येईल, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. तसे झाले तर मला पाठवलेल्या पत्राचीच प्रत त्यांच्या हाती द्या. त्यात सगळे क्रमाने आणि स्वच्छ लिहिले आहे. फक्त ‘मला जोर लावता आला नाही’ हे वाक्य त्या प्रतीत, केसपेपर हाती येईपर्यंत, पेन्सिलीने लिहा.